दोन जाळ्या की चार

३ नोव्हेंबर, सोमवार
संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटे

प्रिय भिंगरी,

पत्र लिहायला बसण्याआधी मी मागच्या अंगणात टेप घेऊन नळ आणि भिंत यांच्यामधली जागा मोजत होतो. पंचाहत्तर सेंटिमीटर भरली. पुन्हा मोजली तर चौऱ्याहत्तर. तिसऱ्यांदा टेप लावणार तेवढ्यात वरून घरमालकीणबाई म्हणाल्या, "का हो, जागा पळून चाललीय का?" म्हणून आत आलो.

फोन करायचा नाही, काय ते पत्रातून, असं तू निघताना म्हणालीस. फोनवर आपण भांडतो हे खरं आहे. आईंचा हात मोडला आणि तू त्यांच्याकडे गेलीस त्याला आज तीन आठवडे झाले. एवढ्या दिवसांत मी एकच फोन केला आहे. तो पहिल्या दिवशीचा, त्यामुळे तो धरू नकोस. गाडी वेळेवर पोचली का एवढंच विचारायचं होतं.

आता मुद्द्याचं लिहितो. लग्नानंतर धक्क्यावरच्या टपरीत आपण धुरावर केलेला बांगडा खाल्ला होता. कागदाला बोटं पुसत तू म्हणालीस, "असा बांगडा घरात मिळायला लागला ना, तर मी घर सोडून कुठे म्हणून जायची नाही." मी तेव्हा नुसता हसलो होतो. त्यावर काही करायला हवं होतं, हे आता लक्षात येतं. शीतगृहातून मला दर आठवड्याला फुटक्या पेट्यांतली मासळी मिळते आणि त्यातली निम्मी वाया जाते. तेव्हा मी घरगुती स्मोकर घ्यायचं ठरवलं आहे.

चौकातल्या दुकानात तीन प्रकार पाहिले. पहिला विजेचा, लहान फ्रिजएवढा, दाराला काच, आतली उष्णता आकड्यांत दिसते. दुसरा कोळशाचा, उभ्या पिंपासारखा. खाली कोळसा आणि लाकडाच्या चिपा, मध्ये पाण्याचं ताट, वर जाळ्या आणि झाकणाला धूर जायला झडप. तिसरा म्हणजे पत्र्याचा डबा. तळाला भुसा टाकून तो शेगडीवर ठेवायचा. डबा स्वस्त आहे, पण त्यात दोन बांगडे मावले की संपलं. कोंबडी आत गेली तर तिला मान घालून बसावं लागेल. मला विजेचा पसंत आहे. काचेतून आत काय चाललं आहे ते सारखं पाहता येतं.

पहिले दोन्ही प्रकार दोन जाळ्यांतही मिळतात आणि चार जाळ्यांतही. दोन जाळ्या दोन माणसांना पुरतात. दोन घेऊ की चार, ते उलट टपाली कळव.

तू रागावली आहेस का, हे मी विचारत नाही. रागावली असशील तर मात्र लिही.

तुझा
काटेकोर

ता. क. तू निघालीस तेव्हा निळ्या पिशवीची चेन मी तपासली होती. वाटेत उसवली नाही ना?


८ नोव्हेंबर

काटेकोरराव,

तुमची मोजणी पोचली. पंचाहत्तर की चौऱ्याहत्तर या चिंतेत माझी झोप उडेल असं वाटलं होतं, पण इथे दिवसभर उभं राहून पायांचे खांब होतात. पाठ टेकली की सकाळच.

आईचं मटणाचं दुकान तू पाहिलंस ते लग्नाच्या दिवशी, शटर पाडलेलं असताना. उघडं असतं तेव्हा ते निराळंच असतं. आई प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून स्टुलावर बसते आणि तोंडाने दुकान चालवते. "अगं सुरी धर, लेखणी काय धरतेस!" हे दिवसातून चाळीस वेळा. काल एक गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, हाड फार आलंय." आई म्हणाली, "बिनहाडाचा बकरा चालत आला ना दारात, की पहिला तुम्हालाच देते." तो निमूट पैसे देऊन गेला. मला अजून तिच्यासारखं तोडता येत नाही. बोलता मात्र यायला लागलं आहे, तेव्हा जपून.

तुझ्या स्मोकरला मी धुराडं म्हणणार. आईला त्यातलं कळतं. माझे वडील होते तेव्हा दुकानामागे पिंपात कोंबड्या टांगायचे. काचेच्या दाराचं घेऊ नकोस. एक कारण, काच पहिल्याच धुरात काळी होते असं आई म्हणते. दुसरं कारण मी सांगते. तू त्या काचेसमोर खुर्ची टाकून बसशील आणि जेवायलाही उठणार नाहीस.

घाई करू नकोस. बांगडा काही टपून बसलेला नाही. जाळ्यांचं पुढच्या पत्रात लिहीन.

रागावले नाहीये. दमले आहे. ते वेगळं असतं. आणि पिशवीची चेन ठीक आहे. चेन ठीकच असते रे.

भिंगरी


१२ नोव्हेंबर, बुधवार
दुपारी एक वाजून पस्तीस मिनिटे

प्रिय भिंगरी,

वजनकाट्याच्या खोलीत डबा खाता खाता लिहितो आहे. कागदाला तेलाचा डाग पडला तर माफ कर. पडला आहे.

दमली आहेस म्हणजे किती? दुपारी टेकायला मिळतं का? आईंचं प्लास्टर कधी काढणार, हे तू लिहिलं नाहीस. जाळ्यांचंही लिहिलं नाहीस. पण कोळशाच्या स्मोकरची किंमत येत्या सोमवारपासून वाढणार आहे, म्हणून मी काल दुकानात गेलो.

दुकानदार म्हणाला, "दोन घ्या, चार घ्या, धूर तोच. घरात माणसं किती?"

मी म्हणालो, "दोन." मग म्हणालो, "सध्या एक." मग मला वाटलं की आईंनाही धरायला हवं, म्हणून म्हणालो, "तीनही होतील."

तो चष्मा वर करून म्हणाला, "साहेब, तुम्ही आधी माणसं नक्की करा. स्मोकर कुठे जात नाही."

रांगेतली दोघं हसली. मी चार जाळ्यांचा घेतला. काचेचा नाही, तुझ्या म्हणण्याप्रमाणे कोळशाचा. चार यासाठी की आईंचा हात बरा झाला की येताना तू त्यांना इकडेच घेऊन ये. मग तुला सारखं तिकडे धावावं लागणार नाही. दुकान भाड्याने देता येईल. कुठलाही खाटीक घेईल.

पैशासाठी मालकांकडून उचल घेतली. ते म्हणाले, "घरात आजारपण आहे का?" मी म्हणालो, "नाही, मासे धुरावर करायचे आहेत." तेव्हा त्यांना जास्तच काळजी वाटली. म्हणाले, "बायको कुठे आहे तुमची?" म्हटलं, येणार आहे.

कधी येणार आहेस ते कळव. रविवारी पहिली पेटवणी करतो.

तुझा
काटेकोर


१७ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी सात वाजून दहा मिनिटे

प्रिय भिंगरी,

मी उंबऱ्यावर बसून जाळ्या घासतो आहे. एक घासून झाली की दोन ओळी लिहितो, म्हणून अक्षर ओलं आहे.

बांगडे बिघडले. सगळे. आधी रिकामा स्मोकर तापवून घेतला, पुस्तिकेत तसं लिहिलं आहे. बांगडे रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवले, सकाळी धुतले आणि लगेच जाळीवर मांडले. वेळ दोन तास दिली आहे. पण आत काय चाललं आहे ते पाहिल्याशिवाय कळणार कसं? म्हणून दर पाच मिनिटांनी झाकण उचलत होतो. झाकण उचललं की वारा लागून कोळसा फुलायचा आणि वरची उष्णता उडून जायची. मग मी घाईने झडप लावायचो. मग धूर दाट, पांढरा व्हायचा आणि झाकणाच्या कडेने फुटायचा. तो वर वाळत घातलेल्या चादरींवर गेला. घरमालकीणबाई खाली आल्या. म्हणाल्या, "अहो, तुम्ही मासे भाजताय की त्यांना वारा घालताय?" चादरी माझ्या खर्चाने धुवायला टाकल्या आहेत.

चार तासांनी बाहेर काढले. वरून काळे, जिभेवर कडू आणि काट्याजवळ कच्चे. हे दोन्ही एकाच बांगड्यात कसं होतं, ते मला समजत नाही.

जाळ्यांचं पुढच्या पत्रात लिहीन म्हणाली होतीस, ते पत्र शनिवारपर्यंत यायला हवं होतं. शनिवारी आलं नाही. पत्राला तीन दिवस लागतात आणि पाचही लागू शकतात, हे मला कळतं. पण रविवारभर हात कामात असूनही डोकं तिकडेच होतं. त्यामुळे काल संध्याकाळी मी फोन केला. तुला नाही. तुमच्या शेजारच्या किराणावाल्याला केला. त्याचा नंबर मी लग्नाच्या वेळी लिहून ठेवला होता. दुकान उघडं आहे का आणि तू दिसतेस का, एवढंच विचारलं. तो म्हणाला, "ताई आहेत, बोलावू का?" मी नको म्हणालो.

म्हणजे नियम मोडलेला नाही.

दोन जाळ्या घासून झाल्या, दोन राहिल्या. तू कधी येतेस?

काटेकोर


२२ नोव्हेंबर

काटेकोर,

तुझा किराणावाला रविवारी ऐन गर्दीत आमच्या दारात येऊन उभा राहिला आणि खणखणीत म्हणाला, "ताई, घरून फोन होता. तुम्ही दिसता का म्हणून विचारत होते. मी म्हटलं, दिसतात. बरोबर ना?" रांगेतली सगळी माणसं हसली. सुरी माझ्या हातात होती म्हणून मी खाली बघून तोडत राहिले. आई हसली नाही.

तू नियम मोडला नाहीस. तू कधीच मोडत नाहीस. तू नियमाला वळसा घालून त्याच्या मागच्या दाराने येतोस.

आता सरळ लिहिते. मी आईच्या हातासाठी आले हे खरं आहे. पण तिचा हात मोडला नसता तरी मी कुठेतरी गेलेच असते. दुपारी तू शीतगृहातून घरी यायचास, कडी नीट लावली आहे का बघायला. कडी लावलेली असायची. मग मी आत आहे का ते बघायचास. भाजी आणायला पाऊण तास का लागला? जिन्यात कोण भेटलं? काय म्हणालं? आणि तू काय म्हणालीस? तू कधी आवाज चढवला नाहीस, हात उगारणं तर लांबच. म्हणून मला भांडताही येत नव्हतं. नुसतं विचारत राहिलास, उघडून बघत राहिलास. माणसाला थोडा वेळ आत एकटं असावं लागतं रे. तिथे मला नहाणीत बसून गाणं म्हणावं लागायचं, आवाज आला की तू दार वाजवायचा नाहीस म्हणून.

तुझं बांगड्यांचं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मासा धुराने होतो, नजरेने होत नाही. जावयाला लिही, कोंडायला पेटी घेतलीस ना, मग आता बायकोला सोड." मी हे वाक्य गाळणार होते, पण लिहिलेलं तिला दाखवावं लागलं. पुढचंही तिचंच आहे: बांगडे धुतल्यावर तासभर वाऱ्याला टांगायचे. कातडी बोटाला किंचित चिकटायला लागली की मगच आत. ओल्या माशाला धूर धरत नाही, नुसता कडूपणा धरतो. झाकण ठेवलं की हात लावायचा नाही. धूर पातळ, निळसर हवा, आणि तो झडपेतून बाहेरच दिसतो.

आता मी जे लिहीत नव्हते ते. प्लास्टर दहा तारखेला निघालं. आईची बोटं मिटत नाहीत. डॉक्टर म्हणतात पेला धरता येईल, सुरी नाही. हे होणार असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. मी पहिल्याच पत्रात लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू तिला इकडून हलवायचा बेत घेऊन दारात उभा असतास. तसा तो तू न कळताच केलास म्हणा. "कुठलाही खाटीक घेईल." हे मी तिला वाचून दाखवलेलं नाही.

दुकान मी चालवणार आहे. त्या खोलीत परत येणार नाही. दोन की चार, याचं उत्तर हे आहे.

तू इकडे यायचं का, ते तू ठरव. मी ये म्हणत नाही, नको म्हणत नाही. आलास तर वजनकाटा तुझा, गल्ला माझा. दुकानामागे एक खोली आहे, तिथे तू राहायचं. मी वर आईजवळ, मला वाटेल तोवर. मी बाहेर गेले तर कुठे गेले होते ते परत आल्यावर सांगेन, सांगावंसं वाटलं तर. जमणार नसेल तर तसं लिही. मी रडेन आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडेन.

उत्तराची घाई नाही. तोवर पत्र नको, फोन नको आणि किराणावालाही नको.

भिंगरी


१९ डिसेंबर, शुक्रवार
सकाळी

प्रिय भिंगरी,

टेबल विकलं, म्हणून गुडघ्यावर फळी ठेवून लिहितो आहे.

तुझं पत्र मिळालं. पहिल्या आठवड्यात मी तीन उत्तरं लिहिली. तिन्हींत शेवटी प्रश्न होते. ती टाकली नाहीत. दुपारची सुट्टी झाली की पाय घराकडे वळायचे. घरी कोणी नाही हे माहीत असूनही दोनदा येऊन कडी पाहून गेलो. तिसऱ्या दिवसापासून मालकांना सांगून दुपारीही काट्यावरच बसू लागलो. ते म्हणाले, "आता तर मला खरंच भीती वाटते."

बांगडे पुन्हा केले. आईंनी सांगितलं तसे तासभर टांगले आणि कातडीला बोट लावून पाहिलं. झाकण ठेवलं आणि अंगणाच्या दाराची किल्ली घरमालकीणबाईंना दिली. धुरावर लक्ष ठेवायला त्या सज्जात बसणार होत्या. म्हणालो, "मी कितीही मागितली तरी दोन तास देऊ नका." म्हणाल्या, "आणि आग लागली तर?" म्हटलं, "मग द्या." अर्ध्या तासात मी दोनदा वर गेलो. दुसऱ्यांदा त्या दार न उघडताच म्हणाल्या, "धूर निळा आहे, तुम्ही जरा बाहेर जाऊन या." मी धक्क्यापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. वाटेत काय पाहिलं ते काही आठवत नाही. मन थाऱ्यावर नव्हतं.

झाले. शेपटीकडे कोरडे पडले, पण मांस काट्यापासून अलगद सुटलं. कडू नव्हते. बाईंना दोन दिले. त्या म्हणाल्या, "मीठ जास्त आहे." मग तिसरा मागून नेला.

पुढच्या रविवारी कोंबडी केली. मीठ कमी घातलं. किल्ली माझ्याच खिशात ठेवली. झाकण एकदा उघडलं. हे न लिहिता राहता आलं असतं, पण मग बाकीच्यालाही काही अर्थ राहिला नसता. दर पाच मिनिटांनी नाही, अख्ख्या वेळात एकदा. मला जमेल असं मी लिहून देत नाही. एवढंच जमलं आहे, ते लिहिलं.

मी येतो आहे. नोकरी सोडली. मालक म्हणाले, तिकडे बस्तान बसलं नाही तर काटा इथेच आहे. हे तुला सांगून ठेवतो, म्हणजे मला परत पाठवावंसं वाटलं तर तुझ्या मनावर ओझं नको.

"कुठलाही खाटीक घेईल" हे मी लिहायला नको होतं. आईंना ते वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव.

कोणत्या गाडीने येतो ते लिहीत नाही. दुकानाची वेळ असेल, गिऱ्हाईक सोडून येऊ नकोस. पत्ता आहे माझ्याकडे. मागच्या खोलीच्या दाराला कडी आतून आहे की बाहेरून, तेही आल्यावर कळेल.

स्मोकर बरोबर आणतो आहे. विकून येणार होतो. दुकानदार अर्ध्या किमतीला परत घ्यायला तयार होता, पण कोंबडीच्या वेळी बाईंच्या पाहुण्यांनी विचारलं की ही विकत कुठे मिळते. तुमच्या दुकानात मिळेल की नाही, हा गल्ल्याचा प्रश्न आहे, काट्याचा नाही. तू म्हणशील तसं.

आजअखेरचा हिशेब खाली लिहितो.

खर्च:
स्मोकर, चार जाळ्यांचा: ८,४००
कोळसा, चिपा, टांगायचे आकडे, थर्मामीटर: १,१५०
घरमालकीणबाईंच्या चादरींची धुलाई: ३००
गाडीभाडं, एक माणूस, एकेरी: ९४०
स्मोकरचं सामानभाडं: २६०
एकूण: ११,०५०

जमा:
खोलीची अनामत परत: ४,०००
टेबल, खुर्ची, लहान खाट विकून: २,६००
एकूण: ६,६००
(मोठी खाट विकली नाही. बाईंच्या माळ्यावर ठेवली आहे. त्याचं भाडं त्या घेत नाहीत.)

देणं:
शीतगृहाच्या मालकांकडून उचल: ६,०००
शेवटच्या पगारातून कापून घेतले: २,५००
बाकी: ३,५००
कोणाच्या नावावर, तो रकाना कोरा ठेवला आहे.

काटेकोर